अलास्काच्या ओल्या किनाऱ्यावर छोट्या बोटीने: बॅग भरायची कशी?

आपण मराठी माणसं पावसाला भीत नाही. जुलैत हरिश्चंद्रगडावर चिंब भिजायचं, तसंच पाचनईला उतरायचं आणि कुणाच्या तरी पडवीत बसून गरम पिठलं-भाकरी हाणायची, याला आपण सहल म्हणतो. हाच आत्मविश्वास आग्नेय अलास्कात नडतो. सह्याद्रीतल्या पावसात भिजलं तरी हवा वीस-बावीस अंशांची असते. अलास्काची राजधानी असलेल्या ज्युनोच्या आसपास भर जुलैत दुपारचं सरासरी तापमान १८ अंश आणि पहाटेचं १० अंशांच्या आसपास असतं. हिमनदीसमोर बोट उभी राहिली की त्याहूनही खाली जातं. तिथे कॉटनचा टी-शर्ट भिजला की थोड्याच वेळात दात वाजायला लागतात.

दुसऱ्या टोकाची तयारी करणारेही भेटतात. अलास्का म्हणजे बर्फ, असं धरून ते लडाखला न्यायचं जाडजूड पिसांचं जॅकेट बॅगेत कोंबतात. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उणे तापमान नसतं. असते ती ओल. त्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: ही ओली झाली तर काय होईल? पुढचं सगळं त्याच प्रश्नाच्या अंगाने लिहिलं आहे.

हा लेख छोट्या बोटीच्या सफरीसाठी आहे. दहा-बारापासून ऐंशीपर्यंत प्रवासी, ज्युनो, सिटका किंवा केचिकनहून निघून आठवडाभर टोंगास जंगलाच्या खाड्यांमधून हिंडणं, रोज कयाक किंवा रबरी बोटीने किनाऱ्यावर उतरणं. हजारो प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर दुकानं असतात, लाँड्री असते, विसरलेली वस्तू विकत मिळते. इथे बोट सुटली की जे बॅगेत आहे तेच.

आधी महिना, मग यादी

हंगाम मे ते सप्टेंबर. मे आणि जूनचा पहिला भाग त्यातल्या त्यात कोरडा, डोंगरांवर अजून बर्फ, डास कमी. जुलै थोडा उबदार. ऑगस्टमध्ये ओढ्यांत सामन मासे मोठ्या संख्येने चढतात, त्यांच्यामागे अस्वलं येतात आणि पाऊसही वाढत जातो. सप्टेंबर सरता सरता तर आभाळ फाटल्यासारखं असतं. ज्युनोच्या विमानतळावर वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दक्षिणेकडच्या केचिकनला साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ रत्नागिरीच्या तोडीचा. फरक इतकाच की रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, केचिकनचा वर्षभर पुरवून पुरवून पडतो. धो धो सरी कमी, बारीक रिपरिप फार. अशा रिपरिपीत ‘जरा थांबेल’ म्हणून आडोसा शोधण्यात अर्थ नसतो. पावसातच बाहेर पडायचं असतं, आणि बोटीवरचे सगळे तेच करतात.

मेमध्ये जाणाऱ्याने लोकरीचा एक थर वाढवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने पावसाळी कपड्यांवर जास्त पैसे घालावेत.

बोटीवर काय मिळतं ते विचारून घ्या

खरेदीला निघण्याआधी बोटवाल्यांना ई-मेल करा. कयाक, वल्ही आणि लाइफ जॅकेट बोटीवर असतातच. बऱ्याच बोटींवर गमबूट वापरायला मिळतात, काहींवर रेनकोट-पँटचा जोडही मिळतो, चालायच्या काठ्या मिळतात. पण तुमच्या मापाचे मिळतील का, हा खरा प्रश्न. आपल्याकडच्या अनेक बायकांची पावलं लहान असतात. तिथल्या साठ्यात लहान मापाचे बूट थोडेच असतात आणि ते आधी संपतात. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांची मापं आधीच कळवून ठेवा.

आणखी तीन प्रश्न त्याच मेलमध्ये विचारा. ओले कपडे वाळवायला जागा आहे का? कपडे धुऊन मिळतात का? इंटरनेट आहे का? तिन्हींची उत्तरं बोटीगणिक बदलतात आणि किती जोड न्यायचे ते पहिल्या दोन उत्तरांवर ठरतं.

बॅग मऊ हवी

केबिन लहान असते. चाकांची कडक सूटकेस उघडायला जागा नसते आणि पलंगाखाली ती शिरत नाही. मऊ डफल बॅग घ्या, रिकामी झाली की घडी घालून ठेवता येते. प्रवासात मधेच पाण्यावर उतरणारं छोटं विमान असेल तर मऊ बॅगेला पर्यायच नाही. तिथे वजनाची मर्यादा कडक असते आणि सामान विमानाच्या पोटात दाबून बसवतात.

डफलमध्ये आतून एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि कपडे त्यात भरा. धक्क्यावर सामान पावसात पडून राहणं ही रोजची गोष्ट आहे. त्याशिवाय एक पाठीवरची छोटी सॅक, वीसेक लिटरची, किनाऱ्यावर उतरताना लागते.

अंगावरचे थर

सर्वांत आतला थर घामासाठी. मेरिनो लोकर उत्तम: स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही, आणि तीन दिवस घातली तरी वास मारत नाही. पण ती महाग असते. जिमला घालतो ते पॉलिएस्टरचे लांब बाह्यांचे टी-शर्ट काम भागवतात, फक्त त्यांना दुसऱ्या दिवशी वास येतो. आपल्याकडे ‘थर्मल’ म्हणून जे विकतात त्याचं लेबल उलटून बघा. पुष्कळदा त्यात निम्म्याहून जास्त कॉटन असतं. दिल्लीच्या कोरड्या थंडीला ते चालतं, इथे नाही. आठवड्याला वरचे तीन आणि खालचे दोन पुरे.

मधला थर उबेसाठी: फ्लीसचं एक पातळ आणि एक जाड जॅकेट. फ्लीस भिजली तर पिळून, झटकून पुन्हा घालता येते. डेकवर उभं राहताना वरून घालायला कृत्रिम भरणाचं हलकं जॅकेट असेल तर आणखी बरं. पिसांचं जॅकेट ओलं झालं की आतली पिसं गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते. ते न्यायचंच असेल तर केबिनपासून जेवणघरापर्यंत वापरा.

पँट दोन, पटकन वाळणाऱ्या नायलॉनच्या. जीन्स घरी ठेवा. भिजलेली जीन्स जड होते, मांड्यांना चिकटते, आणि बोटीवर दोन दिवस वाळत नाही. ‘विमानप्रवासात घालतो फक्त’ म्हणणारे पुढे ती कयाकमध्येही घालतात.

झोपायला आणि बोटीत बसून चहा प्यायला कॉटनचा एक जोड चालेल. सलवार-कमीज घालणाऱ्या आई, काकू, मावशी यांच्यासाठी एक सूचना: बोटीवर काहीही घाला, पण रबरी बोटीत उतरताना ओढणी आणि घोळदार सलवार नको. बोटीच्या दोऱ्या, हुका आणि मोटर यांच्यात सैल कापड अडकतं. लोकरीची किंवा पॉलिएस्टरची लेगिंग, वर फ्लीस, वर पावसाळी पँट, असा वेश बहुतेकींना पहिल्या दिवशी अवघडल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी कुणी त्याबद्दल बोलत नाही.

रेनकोट, आणि त्याहून महत्त्वाची पँट

नवखे लोक जॅकेटवर सगळे पैसे घालवतात आणि पावसाळी पँट विसरतात. खरं तर पँट आधी घ्यावी. रबरी बोटीत बसायची जागा कायम ओली असते, कयाकमध्ये वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी मांडीवर येतं आणि जंगलात कमरेएवढ्या ओल्या झुडपांतून चालायचं असतं. पाऊस थांबलेला असला तरी पँट लागतेच. घोट्याशी चेन असलेली, सैल, बुटांवरून खाली ओढता येईल अशी घ्या. पँटचे पाय बुटांच्या बाहेर हवेत. आत खोचलेत तर सगळं पाणी बुटात उतरतं.

जॅकेटमध्ये दोन घराणी आहेत. एक हवा खेळती ठेवणारं, गोअर-टेक्ससारख्या पापुद्र्याचं. दुसरं पूर्ण लेप दिलेलं, पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचं, म्हणजे आपल्या स्कूटरवरच्या रेनकोटाचंच नात्यातलं. तिथले मच्छीमार दुसऱ्या प्रकारातले जाड बिब (छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट) आणि कोट घालतात, कारण त्यातून पाणी येतच नाही. पण ते घालून चढ चढलात तर आतून घामाने भिजाल.

पापुद्र्याच्या जॅकेटाबद्दल एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्याच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकून टाकणारा एक लेप असतो. वापराने आणि मळाने तो झिजला की बाहेरचं कापड पाणी पिऊ लागतं. मग आतली वाफ बाहेर जाऊ शकत नाही, घामाची वाफ आतल्या बाजूला थंड होऊन तिचे थेंब होतात, आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय. जुनं जॅकेट असेल तर त्यावर पाणी शिंपडून बघा. थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर ठीक. कापड गडद होऊन ओलं झालं तर त्यासाठी मिळणाऱ्या खास द्रावणाने धुवा आणि लेपाचा फवारा पुन्हा मारा. साध्या कपड्यांच्या पावडरीने आणि फॅब्रिक सॉफ्टनरने धुतलं तर काम आणखी बिघडतं.

माझं मत विचाराल तर आठवड्याच्या सफरीसाठी फार महागड्या जॅकेटाची गरज नाही. बहुतेक वेळ तुम्ही बसलेले किंवा उभे असता. लेप दिलेलं मध्यम वजनाचं जॅकेट, काखेत चेन असलेलं, पुरेसं आहे. फक्त टोपी मोठी आणि आवळता येणारी हवी, आणि मनगटाशी वेल्क्रो हवं.

पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा झग्यासारखा रेनकोट, नको. वाऱ्यात तो तोंडावर येतो, लाइफ जॅकेटखाली मावत नाही, आणि कयाक उलटली तर हातपाय त्यात गुरफटतात. छत्रीही नको. बोटीच्या डेकवर छत्री उघडली तर मागच्या दहा जणांना देवमासा दिसत नाही.

घेतलेला जोड घरीच तपासा. खिशात आणि मानेपाशी टिश्यू पेपर ठेवा, सगळं अंगात घालून शॉवरखाली दहा मिनिटं थांबा. थोडा वेळ उभं राहून, थोडा वेळ स्टुलावर बसून, थोडा वेळ वल्हं मारल्यासारखे हात हलवून. टिश्यू कुठे भिजला ते बघितलं की गळती कुठे आहे ते कळतं. घरच्यांची करमणूक होते ती वेगळी.

एक बारीक गोष्ट: लाइफ जॅकेट रेनकोटाच्या वरून बांधतात. त्यामुळे छातीवरचे आणि पोटावरचे खिसे झाकले जातात. रुमाल, लिप बाम, चष्मा पुसायचं फडकं हे पँटच्या खिशात ठेवा.

पाय

केचिकनपासून ज्युनोपर्यंत तुम्हाला एकाच तपकिरी रंगाचे रबरी बूट घातलेले लोक दिसतील. एक्स्ट्राटफ कंपनीचे हे बूट तिथे ‘अलास्कन स्नीकर्स’ म्हणून ओळखले जातात. मासेमारीला, बाजाराला, शाळेत मुलांना सोडायला, सगळीकडे तेच. नेमके तेच घ्यायला हवेत असं नाही. आपल्याकडे भातलावणीला घालतात तसले गमबूटही चालतात, फक्त तीन गोष्टी बघा: उंची पोटरीच्या वरपर्यंत, तळवा मऊ रबराचा आणि खाचांचा, आणि आत जाड लोकरी मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. कडक प्लास्टिकचा स्वस्त तळवा ओल्या खडकावर साबणासारखा घसरतो.

गमबूट का, ट्रेकिंगचे वॉटरप्रूफ बूट का नाहीत? कारण इथे धक्का नसतो. रबरी बोट किनाऱ्याला नाक लावते, तुम्ही काठावर बसून पाय बाहेर फिरवता आणि पोटरीभर पाण्यात उतरता. घोट्यापर्यंतचा बूट कितीही वॉटरप्रूफ असला तरी वरून पाणी शिरतं, आणि एकदा शिरलं की त्याच वॉटरप्रूफपणामुळे बाहेर जात नाही. शिवाय तिथली भरती-ओहोटी मोठी आहे. मोठ्या भरतीच्या दिवसांत वीस फुटांचा फरक पडतो. ओहोटीला उतरलात तर जंगलाच्या कडेपर्यंत शेवाळ, चिखल आणि धारदार कवचं चिकटलेले खडक ओलांडावे लागतात. जंगलाच्या आत ‘मस्केग’ नावाची दलदल लागते. वरून हिरवंगार गवत-शेवाळ, पाय टाकला की घोटाभर आत. तिथे ट्रेकिंगचे बूट घातलेला माणूस कडेकडेने उड्या मारतो आणि गमबूटवाला सरळ चालत जातो.

लोकरीचे मोजे चार-पाच जोड. त्यातला एक फक्त बोटीवर घालायचा, किनाऱ्यावर कधीच न्यायचा नाही. बोटीत घालायला समोरून बंद असलेली हलकी चप्पल किंवा सपाट बूट. ओले गमबूट रात्री वाळवायला आपली जुनी युक्ती कामी येते: वर्तमानपत्राचे बोळे. म्हणून एक-दोन जुने अंक बॅगेच्या तळाशी अंथरून न्या.

हात, डोकं, चष्मा

हातमोज्यांचे दोन जोड. डेकवर दुर्बीण धरायला लोकरीचे, बोटांची टोकं उघडी असलेले. वल्हं मारायला निओप्रीन नावाच्या मऊ रबराचे. जंगलात डेव्हिल्स क्लब नावाचं मोठ्या पानांचं झुडूप असतं. त्याच्या देठांवर बारीक काटे असतात, ते कातडीत मोडतात आणि दुखत राहतात. घसरताना माणूस नेमकं तेच धरतो. म्हणून चालतानाही हातमोजे घाला.

कानटोपी हवीच. चष्मा असणाऱ्यांनी रेनकोटाच्या टोपीखाली पुढे झाप असलेली साधी क्रिकेट टोपी घालावी. झापेमुळे थेंब काचेवर पडत नाहीत आणि मान वळवली की टोपीही वळते. चष्म्याला मागून दोरी बांधा, जास्तीचा चष्मा केबिनमध्ये ठेवा. हिमनदीच्या भागात ऊन निघालं तर पाणी आणि बर्फ दोन्हींवरून डोळ्यांवर येतं, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन लागतंच. डास आणि बारीक चावऱ्या माश्यांसाठी डोक्यावरून घालायची जाळी न्या. वजन काहीच नाही.

जूनमध्ये जाणार असाल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. ज्युनोत २१ जूनच्या सुमाराला दिवस अठरा तासांहून मोठा असतो. सूर्य पहाटे चारच्या आधी उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, तोही पुरता अंधार न करता.

कयाकमध्ये बसण्यापूर्वी

हा भाग नीट वाचा. खाड्यांचं पाणी उन्हाळ्यातही थंडगार असतं, आणि जिथे हिमखंड तरंगतात तिथे गोठणबिंदूच्या काहीच अंश वर. अशा पाण्यात पडल्यावर काय होतं यावर कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतः गार पाण्यात उतरून प्रयोग केले आहेत. त्यांचा लक्षात ठेवायचा हिशोब असा: पहिलं १ मिनिट श्वास सावरण्याचं, कारण धक्क्याने धाप लागते, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात काय ती धडपड करायची, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे बुडणारा माणूस बहुधा थंडीने गारठून नव्हे, तर पहिल्याच मिनिटांत नाकातोंडात पाणी जाऊन बुडतो. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट सैल सोडणाऱ्याला हे सांगायला हवं. विहिरीत आणि कृष्णेत पोहायला शिकलेल्यांनाही.

या हिशोबाचा बॅगेशी संबंध असा: रोज किनाऱ्यावर किंवा कयाकवर जाताना एक पूर्ण कोरडा जोड सोबत हवा. टी-शर्ट, लेगिंग, फ्लीस, मोजे, कानटोपी. हे दहा लिटरच्या ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरा, हवा काढा, तोंड किमान तीन वेळा गुंडाळून मग क्लिप लावा. एकच वेढा देऊन लावली तर ती साधी पिशवी होते. दोन-तीन वेगवेगळ्या रंगांच्या ड्राय बॅग असल्या की कपड्यांची कुठली आणि कॅमेऱ्याची कुठली हे पावसात शोधावं लागत नाही.

दुर्बीण, कॅमेरा, फोन

दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी. नवराबायकोत एक, ही काटकसर पहिल्या देवमाशाला महागात पडते. अलास्काच्या पाण्यात हंपबॅक देवमाशाच्या १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९० मीटरच्या आत बोट न्यायला कायद्याने मनाई आहे. हिमनदीच्या भिंतीपासून तर त्याहून कितीतरी लांब थांबतात. ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची घ्या. दहापट मोठं दाखवणारी दुकानात भारी वाटते, पण हलत्या बोटीवर हाताची थरथरही दहापट होते.

कॅमेऱ्यासाठी मायक्रोफायबरची फडकी चार तरी न्या, ओलं झालेलं फडकं काच आणखी खराब करतं. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, म्हणून जास्तीची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. फोटो काढून उबदार केबिनमध्ये शिरताना कॅमेरा आधी पिशवीत बंद करून आत न्या आणि तासाभराने उघडा, नाहीतर काचेच्या आत वाफ धरते.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर त्या दिवसाचे कपडे वेगळे काढून ठेवा. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक तिथे आले तेव्हा उपसागराचं तोंड बर्फानेच बंद होतं. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर पोचला तेव्हा बर्फ कित्येक मैल मागे सरकलेला होता, आणि आता तोंडापासून शेवटच्या हिमनद्यांपर्यंत शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. म्हणजे बोट दिवसभर आत आत जाते आणि तासागणिक गारठा वाढत जातो. बर्फावरून उतरणारा वारा अंगावर येतो आणि कडा कधी कोसळेल या आशेने माणसं तासन्‌तास एका जागी उभी राहतात. उभ्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा दोन थर जास्त लागतात. जाड फ्लीस, कृत्रिम भरणाचं जॅकेट आणि वरून रेनकोट, सगळं एकदम घालायचा हाच दिवस.

फोनला बहुतेक दिवस रेंज नसते. घरी तसं आधीच सांगून ठेवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि पिना चपट्या असतात. फोनचे चार्जर चालतात, भारतातला हेअर ड्रायर चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इन बॅगेत नाही.

औषधं आणि बोट लागणं

हे जलमार्ग बेटांच्या आडोशाने जातात, त्यामुळे बहुतेक वेळ पाणी शांत असतं. क्रॉस साउंड, डिक्सन एन्ट्रन्स अशा उघड्या जागी, किंवा चॅटम स्ट्रेटमध्ये वारा सुटला की पोट ढवळतं. आपल्याकडे घाटात देतात ती अ‍ॅव्होमिन इथेही चालते, पण ती उलटी सुरू होण्याआधी घ्यायची आणि तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आलेपाक आणि सुंठेची गोळी जवळ ठेवा. डेकवर येऊन क्षितिजाकडे बघणं आणि फोन खिशात ठेवणं हा बिनपैशाचा उपाय.

रोजची औषधं सफरीपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढी, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. वाटेत दवाखाना नाही. कुणाला हलवायची वेळ आली तर हेलिकॉप्टर किंवा पाण्यावर उतरणारं विमान येतं, तेही हवा असेल तर. त्याचा खर्च उचलणारा प्रवास विमा काढलेला असावा.

खाऊ

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा, आणि अंडं चालतं का, मासा चालतो का हे वेगळं स्पष्ट करा. तिथे मासा न खाणारा शाकाहारी अजूनही सगळ्यांच्या पचनी पडत नाही. बोटीवर सामान सुरुवातीला एकदाच भरतात, नंतर डाळ मागून मिळत नाही. मेतकूट, खाकरे, चिवडा, कोरडी चटणी न्या. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ आहेत हे सांगा. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं आणू नका. आणि हा खाऊ बोटीवरच खा. किनाऱ्यावर अस्वलांचं राज्य आहे, खिशात शेंगदाण्याची चिक्की घेऊन उतरायचं नसतं. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. तो वाटाड्यांकडे असतो, तुम्ही घेऊ नका.

विमानात काय घालून बसायचं

ज्युनोला बाहेरून रस्ताच जात नाही. विमानाने, बहुधा सिअ‍ॅटलहून, नाहीतर बोटीने. धुकं आलं की विमानं पुढच्या गावाला निघून जातात किंवा परत फिरतात. म्हणून बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी तरी पोचा. व्हँकुव्हरमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी भारतीय पासपोर्टवर फक्त अमेरिकेचा व्हिसा असेल तर कॅनडाचाही व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी बघा.

चेक-इन बॅग हरवली तर ती पुढच्या विमानाने येते, पण बोट तिच्यासाठी थांबत नाही. हातातल्या बॅगेत रेनकोट-पँटचा जोड, आतल्या थराचा एक जोड, मोजे, औषधं, दुर्बीण आणि कॅमेरा एवढं असलं की बाकी सगळं हरवलं तरी सफर होते. जाड फ्लीस अंगात घाला. गमबूट चेक-इनमध्ये, आत मोजे कोंबून. ते हरवले तर ज्युनोत मिळतात, आणि घेताना लोकरी मोजे घालूनच माप बघा.

निघण्याआधी एकदा सगळे थर अंगावर चढवून खाली उकिडवं बसा, उठा, हात वर करा. उकिडवं बसता येत नसेल तर रबरी बोटीत चढता येणार नाही. मग पँट एक माप मोठी घ्या किंवा आतला एक थर पातळ करा. मोठी सूटकेस पुढच्या अमेरिकाप्रवासासाठी लागणार असेल तर ज्युनोतलं हॉटेल ती आठवडाभर ठेवून घेईल का, हेही बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. बहुतेक जण ठेवून घेतात. आणि परतीच्या दिवसासाठी दोन रिकाम्या जाड पिशव्या टाका, कारण शेवटच्या सकाळी भिजलेले कपडे वाळायच्या आत विमानाची वेळ झालेली असते.